तीन टाक्यांचा संसार

सकाळी उठल्यावर आधी भिंतीवरचं एक बटण दाबायचं. तळहाताएवढ्या पट्टीवर दिव्यांच्या तीन ओळी लागतात. वापरायचं पाणी किती उरलं ते पहिली ओळ सांगते. न्हाणीतलं आणि भांड्यांचं सांडपाणी किती साठलं ते दुसरी सांगते. तिसरी ओळ संडासाच्या टाकीची. हे हिशेब डोळ्यांखालून गेले की मग ठरतं: आज आंघोळ करायची की अंग पुसून भागवायचं, भांडी आत्ता घासायची की रात्री एकदमच, आणि इथेच राहायचं की मुक्काम हलवायचा.

बारा महिने चाकांवरच्या घरात राहणाऱ्या अमेरिकन जोडप्यांचा दिवस असा उजाडतो. या घराला तिथे ‘आरव्ही’ म्हणतात. रिक्रिएशनल व्हेईकल, म्हणजे हौसेची गाडी. मुलामुलींकडे सहा महिने राहून आलेल्या आपल्याकडच्या आईवडिलांनी ती हायवेवर हमखास पाहिलेली असते. एसटीएवढी लांब गाडी, आणि मागे दाव्याला बांधलेल्या वासरासारखी एक छोटी मोटार. ओढून नेल्या जाणाऱ्या या मोटारीला आरव्हीवाले ‘टोड’ म्हणतात. ‘ओढलेली’ आणि ‘बेडूक’ या दोन्ही इंग्रजी शब्दांचा उच्चार सारखाच, त्यावरून केलेली ही गंमत.

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, असं आपण सहज म्हणून जातो. पण विंचवाला पाणी भरावं लागत नाही, मैला उपसावा लागत नाही आणि कायमचा पत्ता त्याला कुणी विचारत नाही. आरव्हीतल्या माणसाला ही तिन्ही चुकत नाहीत. पक्कं घर ही खरं तर विसरण्याची सोय आहे. नळ सोडला की पाणी येतं, साखळी ओढली की जातं. ते कुठून आलं आणि कुठे गेलं, हे आपण विसरून गेलेलो असतो. चाकांवरचं घर यातलं काहीच विसरू देत नाही.

भटके आणि त्यांचे आचारी

मोटार नवी होती तेव्हाच तिच्यात मुक्काम करायची हौस सुरू झाली. १९१५ ते १९२४ या काळात हेन्री फोर्ड, थॉमस एडिसन आणि टायरवाले हार्वे फायरस्टोन मोटारींचा ताफा घेऊन रानावनांत तंबू ठोकायला जात. निसर्गलेखक जॉन बरोज हयात असेपर्यंत त्यांच्यासोबत असत. ही मंडळी स्वतःला ‘भटके’ म्हणवून घेत. मात्र या भटक्यांबरोबर आचारी असे आणि फिरतं स्वयंपाकघरही.

१९३० च्या दशकात वॉली बायम यांनी ‘एअरस्ट्रीम’ हा चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचा ट्रेलर बाजारात आणला. त्याचा एक भाऊबंद १९६९ मध्ये वेगळ्याच कामी आला. चंद्रावरून परतलेल्या अपोलो ११ च्या अंतराळवीरांबरोबर तिथले जंतू तर आले नसतील ना, या शंकेपोटी त्यांना एका हवाबंद, बिनचाकी एअरस्ट्रीममध्ये ठेवलं होतं. बाहेरचं आत येऊ द्यायचं नाही आणि आतलं बाहेर जाऊ द्यायचं नाही, हे काम ट्रेलरच्या कुळाला नवीन नव्हतं.

आज हा धंदा मुख्यतः एका जिल्ह्यात एकवटला आहे. इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट परगण्यात आणि आसपास अमेरिकेतल्या दर पाचांपैकी चार आरव्ही तयार होतात. त्यांचे ढोबळमानानं दोन प्रकार. एक इंजिनासकटचं घर. दुसरा, ट्रकनं ओढायचा ट्रेलर. नवखं जोडपं आधी आतली सजावट बघतं. मुरलेलं जोडपं विचारतं, गाडी बिघडली तर झोपायचं कुठे? कारण इंजिन घरातच असेल, तर गाडी गॅरेजात गेली की घरही तिच्याबरोबर गॅरेजात जातं. ट्रेलर मात्र मुक्कामावर सोडून नुसता ट्रक दुरुस्तीला नेता येतो.

कायद्यानं गाडीची रुंदी साडेआठ फुटांपलीकडे जात नाही. तीस फुटी ट्रेलर म्हणजे झाले अडीचशे-पावणेतीनशे चौरस फूट. मुक्कामी पोचल्यावर भिंतीचा एखादा भाग बाहेर सरकवता येतो, त्यानं थोडी ऐसपैस जागा मिळते. अमेरिकन वाचक या आकड्यानं हबकतो. मुंबईच्या बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांत आख्खी कुटुंबं वाढलेली आपण पाहिली आहेत, त्यामुळे आपण हबकणार नाही. पण चाळीतली खोली पुरत होती ती बाहेरच्या गॅलरीमुळे. आरव्हीतही तेच. दाराबाहेर ताणलेलं कापडी छप्पर, त्याखाली अंथरलेली चटई आणि दोन घडीच्या खुर्च्या ही त्या घराची गॅलरी. पाऊस चार दिवस लागून राहिला की गॅलरी बंद होते, आणि मग दोन माणसांना एकमेकांच्या चमच्याचा आवाजही सोसवत नाही.

पांढरी नळी, काळी टाकी

अमेरिकन माणूस आपल्या घरात दिवसाला साधारण ३०० लिटर पाणी वापरतो. आरव्हीची गोड्या पाण्याची टाकी बहुधा दीडशे ते पावणेचारशे लिटरची. घरी एका माणसाला एका दिवसात लागणारं पाणी इथे हिशेबी जोडप्याला आठवडाभर पुरतं. फवारा सुरू करून अंग भिजवायचं, बंद करून साबण लावायचा, पुन्हा सुरू करून धुऊन टाकायचं. याला तिथे ‘नौदलाची आंघोळ’ म्हणतात आणि ती नव्यानं शिकावी लागते. एका बादलीत आंघोळ उरकणाऱ्या मराठी माणसाला यात शिकण्यासारखं फार नाही.

पाणी जड असतं, ही गोष्टही घरात कधी जाणवत नाही. एक लिटर म्हणजे एक किलो. तीनशे लिटरची टाकी भरून निघालं तर तीनशे किलोंचं ओझं चाकांवर पडतं. गाडीनं किती वजन वाहावं याचा आकडा ठरलेला असतो, म्हणून आरव्हीवाले ट्रकच्या वजनकाट्यावर आपलं घर तोलून घेतात. पुस्तकं, बिडाची कढई, आजीचा लाकडी पेटारा हे सगळं काट्यावर चढतं आणि वाद होतात. बरीच जोडपी मग एक नियम करतात: एक वस्तू आत आली की एक बाहेर गेली पाहिजे.

उरल्या दोन टाक्या. सांडपाण्याची ती ‘करडी’, संडासाची ती ‘काळी’. काळ्या टाकीचं शास्त्र कुणी कौतुकानं सांगत नाही, पण सगळ्यांना ते यावं लागतं. पाइप जोडलेला आहे म्हणून झडप कायमची उघडी ठेवली, तर पातळ भाग वाहून जातो आणि घट्ट भाग तळाशी साचत साचत त्याचा ढीग वाळून बसतो. तो नंतर काही केल्या हलत नाही. म्हणून झडप बंद ठेवायची, टाकी पाऊण भरू द्यायची आणि मग एकदम उघडायची, म्हणजे लोंढ्याबरोबर सगळं निघून जातं. आधी काळी रिकामी करायची, मग करडी, कारण करडीतल्या साबणाच्या पाण्यानं पाइप आपसूक धुतला जातो. रिकाम्या काळ्या टाकीत थोडं पाणी टाकून ठेवायचं. पिण्याच्या पाण्याची नळी पांढरी. ती मैल्याच्या पाइपाशेजारी ठेवायचीसुद्धा नाही. संडासातला कागद कोणता घ्यायचा हेही पारखून ठरतं. बरणीत पाणी घालून त्यात कागद टाकायचा आणि बरणी हलवायची. विरघळला तर पास.

एवढं करूनही काळ्या टाकीचा दिवा खोटं बोलतो. आत कागद चिकटतो आणि रिकामी टाकीही भरलेली दिसते. जुनी खोडं मग दिव्याकडे बघत नाहीत. शेवटची कधी रिकामी केली त्याचे दिवस मोजतात.

एसी बंद कर, मी कॉफी करतेय

विजेचाही असाच हिशेब. कॅम्पग्राउंडच्या खांबावर ३० अँपिअरची जोडणी मिळाली, तर १२० व्होल्टनं ३,६०० वॉट हाती येतात. छतावरचा एसी दीडेक हजार खातो, मायक्रोवेव्ह तेवढेच, कॉफीचं यंत्र हजारभर. तिन्ही एकदम लावले की ब्रेकर पडलाच. म्हणून या घरात दिवसभर एकमेकांना हाका चालू असतात: ‘एसी बंद कर, मी कॉफी करतेय.’ मोठ्या गाड्यांना ५० अँपिअरची जोडणी लागते. हा आकडा फसवा आहे. तिच्यात १२० व्होल्टच्या दोन वाहिन्या असल्यानं एकूण १२,००० वॉट मिळतात, म्हणजे तिपटीहून जास्त.

खांब नसेल तिथे छतावरच्या सौर पट्ट्या, बॅटऱ्या आणि गॅस. अनेक आरव्हींतला फ्रिज गॅसच्या ज्योतीवर चालतो. जाळ लावून थंड करणं ही युक्ती १९२२ मध्ये स्वीडनच्या बाल्ट्झार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी शोधली. ज्योतीच्या उष्णतेनं अमोनिया पाण्यातून सुटतो, नळ्यांतून फिरतो, आतली उष्णता ओढून घेतो आणि पुन्हा पाण्यात मिसळतो. यात फिरणारा पंखा किंवा पंप नाही. द्रव खाली येतो तो केवळ उताराच्या जोरावर. गाडी तिरकी उभी राहिली तर हे चक्रच अडखळतं. म्हणून मुक्कामी पोचल्यावर पहिलं काम म्हणजे चाकांखाली फळ्या सरकवून घर सपाट करणं. दूध नासतंय की टिकतंय हे जमिनीच्या उतारावर ठरतं.

येऊ दे, येऊ दे!

रोज नवा गाव बघू, असं म्हणत निघालेली जोडपी वर्षभरात दमतात आणि तीनचा नियम पाळू लागतात: दिवसाला ३०० मैलांपेक्षा जास्त जायचं नाही, दुपारी तीनच्या आत पोचायचं, निदान तीन रात्री राहायचं.

तीनच्या आत कशाला? ट्रेलर उलटा घेऊन जागेवर लावायला उजेड लागतो. स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रेलरचं बूड उजवीकडे जातं, त्यामुळे सवयीचा हात दर वेळी चुकतो. यावर सोपा तोडगा असा, की हात स्टिअरिंगच्या तळाशी धरायचा. मग हात ज्या बाजूला जाईल त्याच बाजूला ट्रेलर जातो. एक जण चाकाशी आणि एक मागे उभा, एसटी मागे घेताना शिट्टी वाजवणाऱ्या कंडक्टरसारखा. मागच्यानं आरशात दिसेल असं उभं राहायचं, कारण आरसा त्याला दिसत नसेल तर तोही चालकाला दिसत नाही. शेजारचे लोक खुर्च्या टाकून हा खेळ बघतात. ‘तुझी डावी की माझी डावी?’ या प्रश्नावर बरेच संसार डगमगले आहेत, असं ते हसत सांगतात. शहाणी जोडपी ओरडणं सोडून वॉकीटॉकी घेतात.

निघतानाही यादी असते. नळी काढली, वायर काढली, गॅस बंद, कपाटांना कड्या, अँटेना खाली, पायरी आत. एक जण यादी तपासत असताना दुसऱ्यानं बोलायचं नाही, कारण मध्येच बोलण्यानंच पायरी बाहेर राहते. चालकासमोर गाडीची उंची लिहिलेली चिठ्ठी चिकटवलेली असते. नॉर्थ कॅरोलिनातल्या डरहॅमच्या एका रेल्वे पुलाची उंची ११ फूट ८ इंच होती. त्याखाली इतक्या उंच गाड्यांची छपरं सोलली गेली, की लोक त्याला डबा उघडायची चावी म्हणू लागले. २०१९ मध्ये तो आठ इंच वर उचलला, तरी ठोकरा थांबल्या नाहीत.

उंटवाल्याच्या गावात

मुक्कामाची जागा ऋतू ठरवतो. उन्हाळ्यात उत्तर, हिवाळ्यात दक्षिण. पाठलाग साधारण २१ सेल्सिअसचा. कारण फक्त थंडी वाजण्याचं नाही. पारा शून्याखाली गेला की नळ्या गोठून फुटतात. इथेही शेवटी टाकीचाच हुकूम चालतो.

हिवाळ्यातली मोठी जत्रा भरते ती अ‍ॅरिझोनातल्या क्वार्टझाइटला. २०२० च्या जनगणनेत या गावात अडीच हजारांच्याही आत माणसं होती. जानेवारीत मात्र भोवतालच्या वाळवंटात गाड्याच गाड्या दिसतात. तिथली जमीन केंद्र सरकारच्या भूव्यवस्थापन खात्याची. या खात्याच्या बहुतेक मोकळ्या जमिनीवर चौदा दिवस फुकट राहता येतं, नंतर हलावं लागतं. क्वार्टझाइटजवळ १९८३ पासून लांब मुक्कामाची सोय आहे. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल अशा सात महिन्यांचा परवाना अनेक वर्षं १८० डॉलरांना मिळत असे. वीज नाही, घराशी जोडलेलं पाणी नाही. अशा राहण्याला ‘बूनडॉकिंग’ म्हणतात. मुळात ‘बुंदोक’ हा फिलिपिन्सच्या टागालोग भाषेतला डोंगरासाठीचा शब्द; तिथे लढायला गेलेल्या अमेरिकन सैनिकांनी तो घरी आणला.

या गावच्या स्मशानात दगडी पिरॅमिडखाली हाजी अली झोपला आहे. अमेरिकन सैन्यानं १८५६ मध्ये वाळवंटात ओझी वाहायला उंट आणले, तेव्हा त्यांच्याबरोबर तो आला. ‘हाय जॉली’ हे अमेरिकनांनी त्याच्या नावाचं केलेलं रूप. उंटांचा प्रयोग फसला. उंटवाला मात्र इथेच राहिला आणि १९०२ मध्ये वारला. पाठीवर पाणी लादून वाळवंटात मुक्काम करणाऱ्यांच्या गावाला असा पूर्वज शोभतो.

वादळांच्या प्रदेशात आणखी एक गोष्ट पाठ ठेवावी लागते: आज आपण कोणत्या परगण्यात आहोत? रेडिओवर टोर्नेडोचा इशारा परगण्यांच्या नावानं येतो. गावकऱ्याला ते नाव जन्मापासून ठाऊक असतं. आरव्हीतली बाई ते रोज कागदावर लिहून फ्रिजला लावते, कारण इशारा आला की गाडी सोडून पक्क्या इमारतीत पळायचं असतं.

राहता कुठे?

टाक्यांपेक्षा अवघड प्रश्न पत्त्याचा. वाहन परवाना, विमा, बँक, मतदान या सगळ्यांना एक पत्ता लागतो. त्यासाठी ही मंडळी बहुधा टेक्सस, फ्लोरिडा किंवा साउथ डकोटा यांपैकी एक राज्य निवडतात. तिन्ही ठिकाणी राज्याचा वैयक्तिक प्राप्तिकर नाही. साउथ डकोटात एका रात्रीच्या मुक्कामाची पावती आणि टपाल सेवेचा पत्ता दाखवला की परवाना मिळत आला आहे. या सैल गाठीला २०२३ मध्ये पीळ बसला. तिथल्या विधिमंडळानं मतदारनोंदणीसाठी राज्यात ३० दिवसांच्या वास्तव्याची अट घातली. जो सगळीकडचा आहे त्याचं मत कुठलं, हा प्रश्न त्यामुळे उघडा पडला.

पत्रं टपाल सेवेकडे साठतात. तिथले लोक लिफाफ्यांची छायाचित्रं पाठवतात. हवी ती पत्रं गठ्ठा करून पुढच्या मुक्कामाच्या पोस्टात रवाना होतात आणि तिथे राखून ठेवली जातात. अशी सोय उभी करणाऱ्या जुन्या संस्थांपैकी एक म्हणजे जो आणि के पीटरसन या जोडप्यानं १९७८ मध्ये काढलेला ‘एस्केपीज’ क्लब. त्याचं ठाणं टेक्ससमधल्या लिव्हिंग्स्टन गावी आहे. हजारो माणसांचा पत्ता या एका गावाचा. पण ती माणसं तिथे नसतात.

आता पोटाचं. पेन्शन आणि साठवण असणारे सुखात फिरतात. इतरांसाठी हंगामी कामं असतात. कॅम्पग्राउंडवर देखरेख करून फुकट जागा मिळवायची, किंवा ऑक्टोबरात नॉर्थ डकोटा-मिनेसोटाच्या सीमेवर रेड नदीच्या खोऱ्यात शुगरबीटच्या काढणीला जायचं. बारा-बारा तासांच्या पाळ्या असतात. ऊन फार तापलं तर काम थांबतं, कारण गरम बीट ढिगात सडतं. कामाला बऱ्याचदा जोडीच येते. साखरेच्या हंगामासाठी घर हलवणारी जोडपी म्हटलं की आपल्याला बीडकडची ऊसतोड आठवते, जिथे नवराबायको मिळून मुकादमाच्या वहीत ‘एक कोयता’ होतात. दोहोंत अंतर खूप आहे. बीटवाल्याच्या कोपीला निदान चाकं आणि गरम पाणी असतं. पण हौस कुठे संपते आणि नाइलाज कुठे सुरू होतो, हे रस्त्यावरून सांगता येत नाही. २००८ च्या मंदीनंतर घर परवडेना म्हणून गाडीत राहायला आलेल्या वयस्क माणसांवर जेसिका ब्रूडर यांनी २०१७ मध्ये ‘नोमॅडलँड’ हे पुस्तक लिहिलं. क्लोई झाओ यांच्या त्यावरच्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. मोठ्या गोदामांतली सणासुदीची हमाली त्या पुस्तकातून बाहेर आली. दातांचा खर्च वाचवायला बरेच जण हिवाळ्यात सरहद्दीशी गाडी लावतात आणि चालत मेक्सिकोतल्या लोस अल्गोदोनेस या दंतवैद्यांच्या गावी जातात, हेही याच अर्थकारणातलं.

हातमोजे

बहुतेक घरांत कामं आपोआप वाटली गेलेली असतात. तो गाडी हाकतो, टाक्या बघतो. ती नकाशा, हवामान, हिशेब आणि परगण्याचं नाव बघते. वर्षं सरतात तशी ही वाटणी पक्की होत जाते आणि तिथेच धोका असतो. एकाला पक्षाघात झाला, डोळे गेले, किंवा एक जण उरलाच नाही, तर दुसऱ्याला आपलंच घर हलवता येत नाही.

लिव्हिंग्स्टनला एस्केपीज क्लबनं अशा लोकांसाठी ‘केअर’ नावाचं केंद्र चालवलं आहे. थकलेल्या माणसानं स्वतःच्याच गाडीत राहायचं. जेवण मिळतं, डॉक्टरकडे न्यायला माणूस मिळतो. ज्या गावाचा पत्ता आयुष्यभर फक्त कागदावर वापरला, तिथे माणूस शेवटी खरोखर राहायला येतो. गाडी तीच, चाकं तीच, फक्त ती फिरत नाहीत.

जुनी जोडपी नव्यांना सल्ला देताना निसर्गाबद्दल, सूर्यास्तांबद्दल फारसं बोलत नाहीत. महिन्यातून एक दिवस कामं बदला, म्हणतात. त्या दिवशी ती चाकाशी बसते आणि तो मागे उभा राहून हात हलवतो. तो परगण्याचं नाव शोधून कागदावर लिहितो. आणि ती रबरी हातमोजे चढवून, वाकून, काळ्या टाकीची झडप पहिल्यांदा स्वतः उघडते. तो शेजारी उभा असतो, पण काही सांगत नाही. आधी काळी, मग करडी, हे तिला ठाऊक असतं.